प्लॅटफॉर्मने ‘कापलेले’ पैसे

गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी मी, मला फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवरची सहा महिन्यांची बिलं डाउनलोड करत बसले होते. दर आठवड्याला एक, म्हणजे सव्वीस पीडीएफ. मी क्लायंटला लावलेली बिलं नव्हेत ही, प्लॅटफॉर्मने मला लावलेली. ती तोवर मी एकदाही उघडून बघितली नव्हती. प्रत्येकाच्या तळाशी तीच ओळ: आयजीएसटी (जीएसटीचाच एक प्रकार), १८ टक्के. आणि वर, बिल कुणाच्या नावे त्या चौकटीत, माझं नाव, माझा पत्ता आणि त्याखाली जीएसटी नंबराच्या जागी नुसती आडवी रेघ.

त्या रेघेची किंमत मला १९,०८० रुपये पडली, वर सातशेच्या आसपास रुपये व्याज. कशी, ते सांगते. पण आधी मार्चपासून सुरुवात करावी लागेल, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते आणि तपासते. वॉशिंग मशीन, पंप, कॉम्प्रेसर. ‘झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा’ हे वाक्य मी आयुष्यात किमान चारशे वेळा लिहिलं असेल. बहुतेक काम परदेशी क्लायंटचं आणि तेही एकाच परदेशी प्लॅटफॉर्ममधून. क्लायंट हजार डॉलर देतो, प्लॅटफॉर्म त्यातले शंभर कापतो, शंभरावरचा कर म्हणून आणखी अठरा कापतो, आणि ८८२ माझ्या खात्यात पडतात. हे ‘कापतो’ क्रियापद मी इतकी वर्षं वापरलं की त्यामुळे आपलं काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. पगारातून कापतात तसं.

मार्च २०२५ मध्ये सीएने विचारलं, “ताई, यंदा वीस लाखांच्या वर जाताय का?” सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, एवढं मला माहीत होतं. मी बँकेचं स्टेटमेंट बघून हिशेब केला आणि मोठ्या खुशीत कळवलं की वर्षअखेरीस १८ लाख ३४ हजार होतील, निवांत आहोत.

त्याचं उत्तर आलं: “बँक स्टेटमेंट नको. प्लॅटफॉर्मचा व्यवहारांचा रिपोर्ट पाठवा.”

रिपोर्टप्रमाणे वर्षाची बेरीज येत होती २०,८०,०००. त्यातून फी २,०८,००० गेली, फीवरचा कर ३७,४४० गेला आणि उरले १८,३४,५६०, म्हणजे बँकेतला आकडा. मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच मर्यादा ओलांडली होती आणि मला पत्ता नव्हता. उलाढाल म्हणजे मी क्लायंटला विकलेल्या सेवेची पूर्ण किंमत, निर्यात असली तरी. प्लॅटफॉर्मची फी हा माझा खर्च. उलाढाल मोजताना तो वजा होत नाही.

सीएने तेव्हा फोनवर जे सांगितलं ते मला जमिनीवर आणणारं होतं. “ताई, तुमचे पैसे कुणी कापत नाहीये. तुम्ही त्यांच्याकडून सेवा विकत घेताय. गिऱ्हाईक आणून देण्याची, पैसे सांभाळण्याची. त्यांनी तुम्हाला बिल लावलंय, आणि तुमच्याच पैशातून ते वसूल करतायत, एवढंच.”

कटकट अशी की एकाच स्क्रीनवर दोन विक्र्या चालू असतात. पहिलीत मी विकणारी, क्लायंट घेणारा, रक्कम हजार डॉलर. दुसरीत प्लॅटफॉर्म विकणारा, मी घेणारी, रक्कम शंभर डॉलर. दोन्हींचा कर वेगळा, कागद वेगळा, देश वेगळा. फीवरचा १८ टक्के कर हा दुसऱ्या विक्रीवरचा आहे, म्हणजे शंभरावरचा, हजारावरचा नव्हे. पहिली विक्री निर्यात आहे, तिच्यावर शून्य दर. हे दोन धागे एकदा वेगळे केले की निम्मं डोकं रिकामं होतं.

ओलांडल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. तो वेळेत झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नंबर आला, २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरं-आकड्यांचा. लगेच एलयूटी भरली, म्हणजे ‘मी कर न भरता निर्यात करणार आहे’ असं लिहून दिलं. एलयूटी प्रत्येक आर्थिक वर्षाला नवीन लागते, त्यामुळे चार-पाच दिवसांत दुसरी भरली. सगळं कसं चोख. आणि त्याच दिवशी सीएचा मेसेज होता: ‘नंबर प्लॅटफॉर्मवर टाका.’ मी त्याला अंगठा दाखवला. व्हॉट्सअॅपवरचा. आणि विसरले.

विसरले हे अर्धसत्य आहे. मी सेटिंग्जमध्ये गेले होते. तिथे चौकट होती ती ‘व्हॅट आयडी’ची. आता व्हॅट म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर २००५ साल येतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला तेव्हा घरात दुकानदार नातेवाईक होते, महिनोन्‌महिने दुसरा विषय नव्हता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो व्हॅट पेट्रोल, डिझेल, दारू अशा मोजक्याच गोष्टींपुरता उरला. मी काही पेट्रोल विकत नाही. तेव्हा ही चौकट युरोपवाल्यांची असणार, असं ठरवून मी पान बंद केलं.

व्हॅट हे कराच्या एका अख्ख्या प्रकाराचं नाव आहे हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. फ्रान्सने १९५४ मध्ये सुरू केलेली ही कल्पना जगभर पसरली. कुठे तिला व्हॅट म्हणतात, कुठे जीएसटी. प्रत्येक टप्प्यावर कर लागतो आणि आधीच्या टप्प्यावर भरलेला कर वजा मिळतो, हे हाड तेच. प्लॅटफॉर्म सगळ्या देशांना एकच फॉर्म दाखवतो आणि त्यावर सगळ्यात रुळलेला शब्द लिहितो. माझा जीएसटी नंबर त्याच चौकटीत जायचा होता.

नंबर दिला की न दिला याने एवढा फरक का पडावा? हेही मला ऑक्टोबरातच समजलं.

परदेशातून नेटवरून येणाऱ्या सेवांना आपल्या कायद्यात एक अवघड नाव आहे, त्याचं लघुरूप ‘ओआयडीएआर’. अशी सेवा भारतात विकणारी परदेशी कंपनी इथे नसली तरी कर इथलाच लागतो, कारण घेणारा इथे आहे. प्रश्न एवढाच की सरकारकडे भरायचा कुणी. घेणारा नोंदणी नसलेला असेल तर परदेशी कंपनीने गोळा करून भरायचा. घेणारा नोंदणीकृत असेल तर कंपनीने हात लावायचा नाही, घेणाऱ्याने स्वतः भरायचा. याला म्हणतात रिव्हर्स चार्ज. विकणाऱ्याऐवजी विकत घेणारा भरतो, म्हणून उलटा.

१ ऑक्टोबर २०२३ च्या आधी यात एक विचित्र फट होती. परदेशी कंपनीवरची जबाबदारी फक्त धंद्याखेरीज इतर कारणांसाठी सेवा घेणाऱ्यांपुरती होती, म्हणजे घरी बसून सिनेमे बघणाऱ्यांपुरती. माझ्यासारखी नोंदणी नसलेली पण धंद्यासाठी घेणारी माणसं त्यात बसत नव्हती. मग त्यांनी रिव्हर्स चार्जने भरायचा, आणि रिव्हर्स चार्ज भरायचा तर नोंदणी सक्तीची, उलाढाल दोन लाख असली तरी! कायदा असा होता. पाळणारं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. त्या ऑक्टोबरपासून व्याख्येतलं धंद्याचं कलम गेलं, नोंदणी नसलेले सगळे एका रांगेत आले आणि माझ्या बिलावर ती १८ टक्क्यांची ओळ उगवली. तेव्हा मी चार शिव्या घातल्या होत्या. वास्तविक त्या ओळीने माझ्यासारख्यांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली होती. १८ टक्के गेले, विषय संपला, रिटर्न नाही की काही नाही.

पण हे नोंदणी नसेपर्यंत. एप्रिलपासून मी नोंदणीकृत होते आणि प्लॅटफॉर्मला ते माहीत नव्हतं. तो बिचारा मला जुनीच समजून कर गोळा करत राहिला. कायद्याच्या नजरेत मात्र एप्रिलपासून कर माझ्याकडून यायचा होता. सीएने मे महिन्यात विचारलंही होतं, “फीवरच्या आरसीएमचं, म्हणजे रिव्हर्स चार्जचं काय?” मी ठसक्यात सांगितलं, “तो प्लॅटफॉर्म आधीच कापतो.” बघा, पुन्हा तेच क्रियापद. त्याने बिलं पाठवा म्हटलं. मी पाठवते पाठवते म्हणत ऑक्टोबर उजाडला.

सहा महिन्यांची फी १,०६,०००. त्यावर १८ टक्के, १९,०८०. हे प्लॅटफॉर्मने घेतले. आता तेच १९,०८० मला पुन्हा भरायचे होते, रिव्हर्स चार्जने. पहिल्या १९,०८० चं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट? नाही. बिलावर माझा नंबरच नाही, त्या रेघेला कोण क्रेडिट देणार. प्लॅटफॉर्मच्या मदतकेंद्राला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, अतिशय नम्र, की नंबर पडताळला गेल्यापासून पुढच्या बिलांवर कर लागणार नाही, मागच्या बिलांमध्ये बदल करता येत नाही. मी दोनदा भांडून पाहिलं. दुसऱ्यांदाही तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. मीही दिवसभर अशीच वाक्यं लिहिते, त्यामुळे ते कुठून येतं हे मला माहीत आहे.

भरलेला दुसरा १९,०८० मात्र वाया गेला नाही. रिव्हर्स चार्जची गंमत इथे आहे, म्हणून एका महिन्याचा हिशेब उलगडून दाखवते. आता नंबर टाकलेला आहे, त्यामुळे हा सरळ महिना आहे.

समजा महिन्याची फी २०० डॉलर. डॉलर सोयीसाठी ८५ रुपये धरू, म्हणजे १७,०००. प्लॅटफॉर्मच्या बिलावर कर शून्य. मी स्वतः स्वतःच्या नावे एक बिल करते, कारण विकणारा इथे नोंदणीकृत नाही. पुरवठादार: ते. घेणारी: मी. बिल करणारीही मीच. पहिल्यांदा केलं तेव्हा आरशासमोर उभं राहून स्वतःला पावती फाडल्यासारखं वाटलं. नोव्हेंबर २०२४ पासून हे बिल सेवा मिळाल्यापासून तीस दिवसांत करायची सक्ती आहे. मग १७,००० वर १८ टक्के, ३,०६०. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत ३बी नावाच्या जीएसटी रिटर्नमध्ये, ३.१ (डी) या रकान्यात हा आकडा दाखवायचा आणि चलन काढून रोख भरायचा. खात्यात आधीचं क्रेडिट पडलेलं असलं तरी रिव्हर्स चार्जला ते चालत नाही, रोखच लागते. आणि त्याच रिटर्नमध्ये खाली, रकाना ४ (ए) (२), सेवांची आयात, तिथे तेच ३,०६० क्रेडिट म्हणून घ्यायचे.

म्हणजे उजव्या हाताने दिले, डाव्या हाताने घेतले. मी सीएला विचारलं की मग हा खेळ कशाला? तो म्हणाला, “डाव्या हातात आलेत ते पैसे नाहीयेत ताई, क्रेडिट आहे. खर्च करायला जागा लागेल.” ज्यांची सगळी कमाई निर्यातीची, त्यांच्याकडे वजा करायला विक्रीवरचा करच नसतो, क्रेडिट साचत जातं आणि मग आरएफडी-०१ हा फॉर्म भरून परतावा मागावा लागतो, त्याला दोन वर्षांची मुदत. माझं नशीब की यंदापासून इथलीच एक पंप बनवणारी कंपनी महिन्याला ३०,००० चं काम देते. तिला मी ५,४०० जीएसटी लावते. त्यातून ३,०६० वजा होतात, उरलेले २,३४० रोख भरते. त्या कंपनीला माझ्या क्रेडिटची कहाणी ठाऊक नाही, पण मी तिच्या पुस्तिका फार प्रेमाने लिहिते.

तर दुसरा १९,०८० असा हळूहळू वळता झाला. पहिला गेला. वर प्रत्येक महिन्याच्या उशिरावर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज, ते मिळून ७१५ च्या आसपास. स्वतःसाठीची बिलंही तीस दिवसांत झाली नव्हती, त्याबद्दल सीएने फक्त सुस्कारा सोडला.

माझी मावसबहीण जर्मनीत भाषांतराची कामं करते. तिला हे सगळं रंगवून सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, हे तर आमच्याकडेही सेम.” ती तिथे लहान व्यावसायिक म्हणून आहे, मागच्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असलेल्यांना तिथे क्लायंटकडून व्हॅट घ्यावा लागत नाही. पण परदेशी प्लॅटफॉर्मला तिने आपला व्हॅट नंबर दिला आहे, त्यामुळे फीवर कर लागत नाही आणि मग १९ टक्के तीच तिथल्या करखात्याला भरते. लहान व्यावसायिकाला क्रेडिट नाही, त्यामुळे तिचे ते पैसे गेले ते गेलेच. “मग नंबर कशाला दिलास?” मी विचारलं. “न देता काय वाचलं असतं? त्यांनी १९ घेतलेच असते की.” बरोबर आहे. क्रेडिट घेता येत नसेल तर कर कुणाच्या हातून गेला याने खिशाला फरक पडत नाही. माझी मार्चपर्यंतची अवस्था तीच होती. फरक पडतो तो क्रेडिट घेता येणाऱ्याला, आणि तो फरक मी सहा महिने त्या रेघेवर सांडला.

आणखी एक फटका याच काळात बसला, तो फीचा नव्हे, पहिल्या विक्रीचा. जुलैमध्ये एक क्लायंट आला, प्रोफाइलवर अमेरिकेचा झेंडा, पैसे डॉलरमध्ये. काम झाल्यावर बिलासाठी कंपनीचं नाव-पत्ता मागितला तर बंगळुरूची प्रायव्हेट लिमिटेड. संस्थापक तिकडे राहतात, कंपनी इकडे. मग ही निर्यात कसली? देणारी भारतात, घेणारा भारतात. डॉलरने काही सिद्ध होत नाही. पूर्ण रकमेवर १८ टक्के. क्लायंट म्हणाला, ठरलेली रक्कम करासकटच होती. रुपयांत ६०,००० झाले होते, त्यातून ९,१५३ गेले. आता मी काम घेण्याआधीच विचारते की बिल कुणाच्या नावे करायचं. चॅटवर जरा आगाऊपणा वाटतो, वाटू दे.

भारतीय प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या मैत्रिणींचं गणित सोपं आहे. तिथे कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतोच, नंबर दिला असेल तर त्याचं क्रेडिट सरळ पोर्टलवर दिसतं, रिव्हर्स चार्ज नाही. नोंदणी असेल तर वर ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्मने आधीच गोळा करायचा कर, वळता होतो, तो आपल्याच खात्यात परत येतो. तोही आधी एक टक्का होता, जुलै २०२४ मध्ये निम्मा झाला.

फी म्हणजे फक्त दहा टक्के नव्हेत, हेही त्या सव्वीस पीडीएफांमुळे कळलं. कामासाठी बोली लावायला जी टोकनं विकत घ्यावी लागतात, त्यांचं बिल वेगळं आणि त्यावरही कर. महिन्याची मेंबरशिप, तिचंही. मी ती ‘किरकोळ’ खात्यात टाकत होते. शिवाय डॉलरचे रुपये होताना बँक जो जीएसटी लावते तो निराळाच. एक लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का किंवा किमान २५० रुपये ही सेवेची किंमत धरतात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. लाखाच्या वर हिशेब वेगळा, दीड लाख आले की २२५. स्टेटमेंटमध्ये हे ४५ आणि २२५ अनेक वर्षं दिसत होते, मी ते बँकेचे काहीतरी चार्जेस म्हणून सोडून दिले होते.

प्लॅटफॉर्म नुसता मध्यस्थ आहे की सेवा विकणारा, यावरही कायद्याचे लोक वाद घालत आले, कारण मध्यस्थ धरला तर सेवेचं ठिकाण बदलायचं. माझ्या सीएने तो वाद माझ्यापुरता एका वाक्यात मिटवला: “क्रेडिट मिळतंय ना? मग भरा आणि झोपा.” मी तेच करते.

आता माझ्याकडे एक एक्सेल शीट आहे, चार रकाने. क्लायंटने दिलेले, प्लॅटफॉर्मची फी, फीवरचा रिव्हर्स चार्ज, बँकेत आलेले. पहिल्या आणि चौथ्या रकान्यात फरक दिसतो तेव्हा अजूनही तोंडातून ‘कापले’ जातं. परवाच्या बिलावर कराची ओळ होती: शून्य. वरच्या चौकटीत माझं नाव, माझा पत्ता आणि त्याखाली पंधरा अक्षरं-आकडे. मी ते मोजले. मग शीटमध्ये ३,०६० लिहिले आणि चलन काढायला पोर्टल उघडलं. पोर्टल बंद होतं. वीस तारीख होती.